रेघेवर रेघ

४ सप्टेंबर

ताई,

आधी बस, मग पुढचं वाच.

बाबांच्या दुकानात रंगवलेली हिरवी गाडी सापडली! तीच ती, लांबलचक बॉनेटची. रंगवून दारात उभी केली होती तेव्हा शेजारचा शिंपी येऊन विचारायला लागला, "हात लावला तर भाजेल का हो?" तीच. मी नवीन नोकरी धरल्याचं कळवलं होतं ना, जुन्या गाड्या जपणाऱ्या एका मालकांकडे? ती गाडी त्यांचीच निघाली. इतकी वर्षं शेडमध्ये झाकून ठेवली होती. कापड ओढलं आणि बघतो तर काय! ज्वाळांच्या लाल, नारिंगी, पिवळ्या जिभा तशाच्या तशा, आणि त्यांच्या कडेने ती निळी रेघ. जणू कालच वाळली असावी.

पण एक घोटाळा झाला. गाडी शेडबाहेर काढताना ड्रायव्हरने खांबाला घासली आणि पुढचं डावं मडगार्ड चुरगळलं. पत्रेवाल्याने नवीन बनवून दिलंय, उत्तम बनवलंय. पण बॉनेटवरून निघालेली ज्वाळा तिथे येते आणि पुढे कोरा पत्रा. कुणी बोलता बोलता तोंड दाबावं, तसं दिसतं.

हिवाळ्यात मोठं प्रदर्शन आहे. त्याआधी हे व्हायला हवं आणि हे काम तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही. मडगार्ड सुटं आहे, पेटीतून पाठवतो. तू यायची दगदग करू नकोस. इथे सगळा पुरुषांचा राबता, सगळीकडे धूळ, राहायचीही सोय नाही.

तुझा
पुट्ट्या


११ सप्टेंबर

पुट्ट्या,

बसले होते, पत्र वाचून उभी राहिले. तू बसायला कशाला सांगतोस? अशी बातमी काय बसून ऐकायची असते!

लोकांनी तुझं खरं नाव वापरायला सुरुवात केली असेल आता. पण लहानपणी पुट्टीचा डबा तोंडावर पालथा घालून तू जो पांढराफटक उभा होतास, तो मी विसरायला तयार नाही. तेव्हा माझ्यापुरता तू पुट्ट्याच.

त्या गाडीची एकेक जीभ मला पाठ आहे. बाबांचा हात तेव्हा इतका थरथरायला लागला होता की कपातला चहा बशीत पोचायचा. टेप त्यांनी लावली, रंगाची गन मी चालवली, आणि निळ्या रेघेची पाळी आली तेव्हा त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं आणि तो लांब केसांचा ब्रश माझ्या हातात दिला. तू कोपऱ्यात थिनरच्या डब्यात ब्रश धूत बसला होतास. मी श्वास धरला आणि ओढली. मुळापासून शेपटीपर्यंत, एका ओढीत. आगीच्या कडेला निळं का, असं मी लहानपणी विचारलं होतं तर बाबा म्हणाले होते, "शेगडी पेटव आणि बघ." तेवढं एकच शिकवणं त्यांनी तोंडाने केलं. बाकी सगळं हाताने.

आता माझं ऐक. आपल्या दुकानाची रीत तुला ठाऊक आहे. कुणी सही करायची नाही. कामाच्या कोपऱ्यात एक निळा थेंब, तो दुकानाचा. हात कुणाचाही असो. मला ही रीत फार थोर वाटायची. सभांमधून मी तिचे दाखलेही दिले. पण समतेवर पुष्कळ वाचल्यावर, त्याहून पुष्कळ बोलल्यावर, एक गोष्ट लक्षात आली: "नाव कशाला हवं" असं जो म्हणतो, त्याचं नाव आधीच दारावर लिहिलेलं असतं.

परवा एकजण झकास जुनी गाडी घेऊन आला. "मिस्त्री आहेत का?" म्हटलं, "मीच." गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बरं, मग हेल्मेटवर काहीतरी फूलबीळ काढून द्या." गाडी घेऊन गेला. बाबा गेल्यापासून या दारात माझ्या हाती एकाही माणसाने गाडी सोपवलेली नाही. नंबरप्लेटा रंगवते आहे मी, पुट्ट्या. नंबरप्लेटा!

तेव्हा मडगार्ड पाठव. असं करीन की जोड कुठे आहे ते पत्रेवाल्यालाही सापडणार नाही. मला मोबदला नको, एकच हवं. प्रदर्शनात गाडीशेजारी पाटी असेल. त्या पाटीवर लिहायचं की ज्वाळा आणि रेघ माझ्या हातची आहे. बाबांचा थरथरता हात झाकायची गरज त्यांच्याबरोबर संपली. मालकांना तू सांग. तू तिथे होतास, तू पाहिलंस. माझा साक्षीदार जगात तू एकटा आहेस.

तुझी
ताई


२५ सप्टेंबर

ताई,

तुझं पत्र म्हणजे भाषणच. वाचताना मी दोनदा टाळ्या वाजवल्या, शेजारच्या मेकॅनिकला वाटलं डास मारतोय.

मालकांशी बोललो. ऐकून ते गप्पच झाले. मग बराच वेळ गाडीभोवती फिरत राहिले. पाटीचं काम त्यांनी माझ्यावरच सोपवलंय, तेव्हा तू निश्चिंत राहा.

पेटी आज निघाली. सोबत बॉनेटचे फोटो आहेत आणि कडेच्या जिभांवर कागद ठेवून उतरवलेला खाका. थेंब तेवढा काढू नकोस. बॉनेटवर आहेच, एका गाडीवर दोन थेंब बरे दिसणार नाहीत.

घाई करतोय असं समजू नकोस, पण घाई कर.

पुट्ट्या


२० ऑक्टोबर

पुट्ट्या,

पेटी परत निघाली. आत माझा जीव आहे, सांभाळून उघड.

खाका तू उतरवलास तो ठीक आहे, पण मी बाजूला ठेवला. खाक्यावरून आकार मिळतो, वेग मिळत नाही. फोटो भिंतीला लावले, ते विसरेपर्यंत बघितले आणि मग हाताला सोडून दिलं. रंग जुन्याशी जुळावा म्हणून पिवळ्यात किंचित तपकिरी टाकला आहे. उन्हात नेऊन बघ, सावलीत ठरवू नकोस.

रेघ ओढायच्या दिवशी दुकान बंद ठेवलं. करंगळी पत्र्यावर टेकवली, ब्रश टेकवला आणि सगळ्या जिभा अशा उतरल्या की मलाच माझा हेवा वाटला. हसू नकोस. आपल्या हातून चांगलं काम झालं तर ते मोठ्याने म्हणावं, नाहीतर जग समजतं की ते आपोआप झालं.

बसवताना नीट बसव. आणि हे तुला सांगायची गरज नाही, पण मोठी बहीण आहे म्हणून सांगते: त्यावर ब्रश लावायचा नाही. धुळीचा कण दिसला तरी नाही. ओली असताना चुकली तर पुसून पुन्हा ओढता येते. वाळलेल्या रेघेवर रेघ गेली की ती कायमची गेली.

पाटीचा मजकूर कळव. फार कौतुक नको. सरळ लिही.

ताई


९ नोव्हेंबर

सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही. ज्या पेटीतून मडगार्ड आलं, तिच्यावरच्या पत्त्यावर हे लिहितो आहे. ज्या गाडीसाठी ते आहे, तिचा मी मालक.

तुमचे बंधू रजा घेऊन घरी आले आणि एवढं अवघड काम पुरं करून गेले. तुम्ही ते इतक्या निगुतीने बांधून पाठवलंत की रंगाला साधा चराही नाही. आभार मानल्याशिवाय राहवेना. वडिलांच्या दुकानाची घडी तुम्ही अजून सांभाळता आहात, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून कलावंतांना काम करता येतं.

एक शंका विचारू का? मी बंधूंच्या मागे लकडा लावला होता की ती निळी रेघ ओढताना मला एकदा पाहायची आहे. ते नको नको म्हणत होते, पण माझ्या मानासाठी अखेर तयार झाले आणि शेवटच्या जिभेच्या रेघेवरून त्यांनी माझ्यासमोर ब्रश फिरवला. मला धन्य वाटलं. पण ती रेघ आता बाकीच्यांपेक्षा जाड दिसते, कडाही किंचित दुहेरी वाटते. ते म्हणतात, वाळली की बसेल. दोन आठवडे होत आले. तुम्ही लहानपणी त्यांचे ब्रश धुऊन द्यायचात असं ते फार मायेने सांगतात, म्हणून तुम्हाला विचारतो. बसते का?

"ज्या हाताने तेव्हा बॉनेट रंगवलं, त्याच हाताने आज मडगार्ड," असं पाटीवर त्यांच्या नावासकट लिहिलं आहे. प्रदर्शनात ते लोकांसमोर कोऱ्या पत्र्यावर एक ज्वाळा काढून दाखवणार आहेत. तुम्ही यावंत, अगत्याचं आमंत्रण.

आपला,
गाडीचा मालक


१४ नोव्हेंबर

तुझ्या मालकांचं पत्र आलं. भला माणूस आहे. त्यांनी पेटी बांधल्याबद्दल माझे आभार मानले.

मी ब्रश धुऊन द्यायचे का रे? मी?

खोटं बोलायचं तर माणूस नवीन काहीतरी रचतो. तू तेवढेही कष्ट घेतले नाहीस. तू फक्त आपल्या दोघांच्या जागा बदलल्यास. मला उचलून थिनरच्या डब्याशी बसवलंस आणि स्वतः बॉनेटपाशी उभा राहिलास. आयत्या बिळावर नागोबा असतो असं ऐकलं होतं. पण त्या नागोबाने मुंगीला सांगावं की तू माझं बीळ झाडायचीस, हे आजच कळलं.

पाटीवर तुझं नाव गेलं, ते एकवेळ मी समजू शकते. परक्यांच्या चोऱ्या मी आयुष्यभर चव्हाट्यावर मांडत आले, चोर कसा विचार करतो हे मला माहीत आहे. पण तू त्या रेघेवर ब्रश लावलास! तुला माहीत होतं. तू त्या दुकानात वाढलास. वाळलेल्या रेघेला हात लावत नाहीत हे आपल्याकडच्या मांजरालाही ठाऊक होतं. माणूस चोरी करतो ती वस्तू हवी असते म्हणून. तू चोरलेली वस्तू मालकाच्या डोळ्यांदेखत मोडलीस, आणि कशासाठी, तर ती तुझी वाटावी म्हणून!

"मालक ऐकून गप्प झाले," असं लिहिलं होतंस. काय ऐकून गप्प झाले? पाटीचं काम तुझ्यावर सोपवलं म्हणून मी निश्चिंत राहायचं होतं. थेंब काढू नकोस म्हणालास. दगदग करू नकोस म्हणालास. तुझी सगळी पत्रं पुन्हा वाचली. प्रत्येक मायेच्या वाक्याच्या पोटात एक कुलूप आहे.

खुलासा कर. भाषण नको, ते माझं काम.


२२ नोव्हेंबर

ताई,

पाया पडतो, मालकांना काही लिहू नकोस. आधी हे वाच.

ही थाप माझी नाही. बाबांची आहे.

गाडी न्यायला मालक आले होते तो दिवस आठव. तू आत हातावरचा रंग रॉकेलने काढत होतीस. मालकांनी बॉनेटवर वाकून विचारलं, "हा हात कुणाचा?" बाबांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात थरथरत होता, मला खांद्यात कळत होतं. म्हणाले, "माझ्या मुलाचा." मालकांनी माझी पाठ थोपटली. मी काय करणार होतो? मिसरूड फुटलेलं पोर मी. तू बाहेर आलीस तेव्हा बाबांनी विषय बदलला. पुढे एकदा मी विचारलं तर म्हणाले, "पोरीने केलंय म्हटलं असतं तर गाडी इथेच राहिली असती."

तू म्हणशील, पत्रात हे आधी का लिहिलं नाहीस? कारण तुझ्या तोंडी बाबा म्हणजे देवमाणूस. तुझी एक मूर्ती तरी शाबूत राहावी असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर ही नोकरीसुद्धा मला त्याच शब्दावर मिळाली. गाडी इथे अचानक सापडली नाही. मालकांनीच मला शोधून बोलावून घेतलं. "बॉनेटवाला मुलगा" म्हणून. घरात दोन लेकरं आहेत, त्यांचं शिक्षण आहे. आता कोणत्या तोंडाने नाही म्हणू?

प्रदर्शनातल्या त्या प्रात्यक्षिकाचं मात्र काहीतरी करायला हवं. मला सरळ रेघही येत नाही, तुला माहीत आहे. एकच वाट सुचते. तू मालकांना लिही की बाबांना हाताचं दुखणं होतं, तेच आता मला लागलंय, घराण्यातच आहे. तू लिहिलंस तर त्यांचा विश्वास बसेल. मग ती रेघ जाड का, तेही त्यांना आपोआप उमजेल. कुणाचं काही बिघडणार नाही.

घरची गोष्ट घरात राहू दे, ताई. बाबांचा शब्द खोटा पडू देऊ नकोस.

पुट्ट्या


३० नोव्हेंबर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, ती रेघ बसणार नाही. वाळलेल्या रेघेवर दुसऱ्यांदा ब्रश फिरला आहे. ती आता अशीच राहील.

मडगार्ड मी रंगवलं. तुमच्या गाडीचं बॉनेटही मीच रंगवलं होतं. माझ्या वडिलांचा हात तेव्हा चालत नव्हता. माझा भाऊ ब्रश धूत होता. वडिलांनी तुम्हाला "माझ्या मुलाचा हात" असं सांगितलं, हे मला याच आठवड्यात कळलं. म्हणजे तुमच्याइतकीच मीही फसले आहे, फक्त माझी फसवणूक माझ्याच घरातून झाली.

मला दुखणं घराण्यात आहे असं लिहायला सांगण्यात आलं होतं. लिहिणार नाही. ते दुखणं माझ्या वडिलांचं होतं. त्यांनी ते लपवण्यासाठी माझं नाव खर्ची घातलं. आता माझं नाव लपवण्यासाठी ते दुखणं वापरायचं, हा व्यवहार मला मंजूर नाही.

माझ्या शब्दावर विसंबू नका. कोरा पत्रा मांडा, दिवसाउजेडी, माणसांच्या देखत. मी माझा ब्रश घेऊन येते.

आणि एक विचारते. वडिलांनी तेव्हा खरं सांगितलं असतं, तर तुम्ही गाडी घेऊन गेला असता का? उत्तर मला पाठवलं नाहीत तरी चालेल. स्वतःला मात्र द्या.

आपली,
रंगवणारी


८ डिसेंबर

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी शेडमध्ये जाऊन बसलो. बॉनेटवरच्या रेघा बघितल्या, मडगार्डावरच्या बघितल्या आणि ती एक बघितली. तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. मला पुराव्याची गरज नाही.

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तरही देतो. नाही. तेव्हा नेली नसती.

पण आता माझी अडचण समजून घ्या. पाटी लिहून झाली आहे. गाडीची गोष्ट मी सगळ्यांना सांगून बसलो आहे, पाहुणे ती गोष्ट ऐकायला येणार आहेत. बापाने मुलाला हात दिला, मुलाने तो जपला, अशी ती गोष्ट आहे. ऐनवेळी ती बदलली तर तुमच्या दिवंगत वडिलांचीच बदनामी होईल. तुम्हाला ते आवडेल असं वाटत नाही.

एक सुचवतो. प्रदर्शनाच्या आधी येऊन ती तेवढी रेघ नीट करून द्याल का? शेडमध्ये कुणी नसेल अशी वेळ ठरवू. बंधूंचा हात दुखावला आहे असं जाहीर करून प्रात्यक्षिक रद्द करतो, म्हणजे कुणाचीच शोभा व्हायला नको. तुमच्या कलेबद्दल माझ्या मनात अतिशय आदर आहे.

आपला,
गाडीचा मालक


१५ डिसेंबर

धाकट्या भावास,

तुझ्या मालकांचं पत्र आलं. तुझी नोकरी शाबूत आहे. हाताला फडकं गुंडाळायचं तेवढं बघ, कोणत्या हाताला ते आधी ठरवून ठेव.

त्यांचा माझ्यावर विश्वास बसला. पूर्ण बसला. मला वाटलं होतं, खोटी ठरेन. ती तयारी माझी आयुष्यभराची आहे. सभेत कुणी उठून "बाई खोटं बोलतात" म्हणालं तर काय बोलायचं, हे मला झोपेत विचारलंस तरी सांगेन. पण समोरचा म्हणाला, "तुमचं खरं आहे, आता मागच्या दाराने या," तर काय बोलायचं? त्याचं भाषण माझ्यापाशी नव्हतं.

बाबांवर रागवायचा प्रयत्न केला. जमत नाही अजून. त्यांनी मला ब्रश दिला आणि माझं काम तुला दिलं, दोन्ही एकाच थरथरत्या हाताने. पहिल्यासाठी पाया पडायचे की दुसऱ्यासाठी तोंड फिरवायचं, कळत नाही. तू म्हणतोस माझी मूर्ती शाबूत ठेवायची होती. नाही रे. तू स्वतःला वाचवलंस आणि त्याला माझी माया असं नाव दिलंस. बाबा निदान गाडी दारातून जावी म्हणून खोटं बोलले. त्यांच्याकडे तेव्हा पोसायला आपण होतो. ते मी समजू शकले असते, तू पहिल्याच पत्रात सांगितलं असतंस तर. आपण दोघं एकमेकांसमोर बसून त्यांच्या नावाने रडलो असतो. तू मला तेही मिळू दिलं नाहीस.

मालकांना कळवलं आहे की मी येणार नाही. त्या रेघेला मी हात लावणार नाही.

कारण त्या अख्ख्या गाडीवर तुझ्या हातचं खरं काम तेवढंच आहे. बॉनेट माझं, मडगार्ड माझं, ती एक जाड रेघ तुझी. पाटी तेवढ्यापुरती खरी आहे. ती रेघ पुसून तुला पुन्हा खोटं कशाला पाडू?

प्रदर्शनाला गर्दी होईल. बहुतेक लोक लांबूनच वा वा म्हणतील. पण त्यात कुणीतरी जाणकार असेलच. तो वाकेल, डोळे बारीक करील, नेमकं त्या रेघेवर बोट ठेवील आणि आजूबाजूला बघून विचारील, "एवढं सुंदर काम आहे, मग इथे काय झालं?"

तू तिथे उभा असशील, हाताला फडकं गुंडाळून. उत्तर तुझं तू दे.

ताई